मार्गदर्शन मराठीत, प्रवेश कर्नाटकात

निकालाचे दिवस आले की आपल्या गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच जातीचे संदेश फिरू लागतात. दहावीनंतर काय, बारावीनंतर काय, मोफत वेबिनार, कलचाचणी द्या, आजच नाव नोंदवा. पालक ते वाचतात, कधी न वाचताच पुढे पाठवतात आणि घरातल्या मुलाला सांगतात, "हे बघ रे, यात सगळं सांगितलंय." हिंडलग्यात आज फोन नसलेले घर शोधावे लागेल. नेटही बऱ्यापैकी चालते. म्हणजे ऑनलाइन मार्गदर्शन आपल्या दारापर्यंत आलेले आहे. ते कोणासाठी तयार केलेले आहे, हे मात्र आपण फारसे पाहत नाही.

गेली काही वर्षे ओळखीतल्या मुलांचे अर्ज भरताना मी शेजारी बसतो. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. मराठीत मिळणारा सल्ला जवळजवळ सगळा महाराष्ट्राच्या प्रवेशपद्धतीचा असतो. आपल्याला लागू असलेल्या पद्धतीचा सल्ला कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. आपली मराठी माध्यमाची मुले दहावीपर्यंत मराठीत शिकतात, पण एसएसएलसी कर्नाटकाची देतात आणि मग थेट इंग्रजीतल्या पीयू सायन्सला जाऊन बसतात. त्यांना जे समजते ते लागू पडत नाही, आणि जे लागू पडते ते नीट समजत नाही. यात मुलांचे नुकसान कसे होते, ते उदाहरणांनीच सांगतो.

पहिले उदाहरण सगळ्यात महागात पडणारे. महाराष्ट्रातल्या क्लासवाल्यांचे मराठी व्हिडिओ आपली मुले आवडीने पाहतात. समजावून सांगण्याची त्यांची हातोटी चांगली असते, त्याबद्दल वाद नाही. त्यात एक सल्ला वारंवार येतो: बारावीला नुसते पात्र ठरण्यापुरते गुण मिळवा, सगळा जोर सीईटीवर लावा. महाराष्ट्रात हे बरोबर आहे. तिथे इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते आणि बारावीला खुल्या गटातल्या मुलाला ठरलेल्या विषयांत ४५ टक्के असले की काम भागते. कर्नाटकात इंजिनिअरिंगचा केसीईटी रँक काढताना सेकंड पीयूच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे गुण निम्मे आणि सीईटीचे गुण निम्मे धरतात. पीयूला ९० टक्के आणि सीईटीला ५० टक्के मिळवणाऱ्या मुलीची सरासरी ७० होते. पीयूला ६० आणि सीईटीलाही ६० मिळवणारा मुलगा साठावरच राहतो. सीईटीत तो पुढे होता, तरी रँकमध्ये ती त्याच्या कितीतरी पुढे जाते. मराठी व्हिडिओचा सल्ला ऐकून पीयूकडे दुर्लक्ष करणारा आपला मुलगा दोन वर्षे चुकीच्या ठिकाणी घाम गाळतो, आणि ही चूक कळते ती रँक हातात आल्यावर.

दुसरे उदाहरण जागा मिळाल्यानंतरचे. कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला केईए म्हणतो, ते जागा दिल्यावर चार पर्याय विचारते. पहिला: जागा मान्य, फी भरून प्रवेश घेतो. दुसरा: ही जागा मान्य आहे, पण वरच्या पसंतीची मिळाली तर हवी. तिसरा: ही नको, पुढच्या फेरीत बघतो. चौथा: मी या प्रक्रियेतूनच बाहेर पडतो. महाराष्ट्राच्या कॅप फेऱ्यांत वेगळाच हिशेब आहे. तिथे पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ती जागा आपोआप गोठते, नको म्हटले तर पुढच्या फेऱ्यांची दारे बंद होतात. म्हणून तिथला सल्लागार सांगतो की पहिले नाव विचार करून टाका. इथला सल्लागार सांगतो की वर भरपूर मोठी नावे टाका, मॉक अलॉटमेंट बघा, मग क्रम बदला. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. दोन्हीकडे अर्ज करणारे मूल (आणि सीमाभागातली अनेक मुले दोन्हीकडे अर्ज करतात) जर एकीकडचा सल्ला दुसरीकडे वापरू लागले, तर हाताला आलेली जागा जाते.

दोन्हीकडे अर्ज करता येतो, हेच अजून पुष्कळांना माहीत नाही. महाराष्ट्राच्या तांत्रिक प्रवेशांच्या नियमांत उमेदवारांचे ए, बी, सी, डी असे प्रकार आहेत आणि त्यांच्या पुढे 'ई' हा एक प्रकार आहे. वादग्रस्त महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला उमेदवार या प्रकारात येतो. म्हणजे आपण. त्यासाठी दोन वेगळे दाखले लागतात. गेल्या काही वर्षांच्या माहितीपुस्तिकांत ते प्रोफॉर्मा जी-१ आणि जी-२ या नावाने छापलेले आहेत: एक सीमाभागात राहत असल्याचा, दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. पुण्यातला एखादा समुपदेशक तासाभराच्या वेबिनारमध्ये यावर एक वाक्यही बोलत नाही. त्याच्या शेकडो श्रोत्यांत आपली चार मुले, तो तरी का बोलेल? बेंगळुरूचा सल्लागार तर बोलण्याचा प्रश्नच नाही. मग हा नियम आपल्याला कळतो तो आदल्या वर्षी तिकडे गेलेल्या कुणाच्या तरी थोरल्या भावाकडून, आणि तेव्हा कागदपत्र तपासणीला दोन दिवस उरलेले असतात.

अशीच सोय उलट बाजूनेही आहे, हे सांगितले पाहिजे. अक्कलकोट, जत, गडहिंग्लज, दक्षिण सोलापूर या तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना कर्नाटकाने केसीईटीत पात्र धरले आहे. दोन्ही राज्यांनी आपापल्या माणसांसाठी दार ठेवलेले आहे. पण दार आहे एवढे पुरत नाही, ते कुठल्या भिंतीत आहे हे कोणीतरी दाखवावे लागते.

पदवीनंतरही हेच. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करता यावा म्हणून १० जुलै २००८ चा शासन निर्णय आहे. महाराष्ट्रातल्या भरतीच्या जाहिरातींत तळाशी बारीक अक्षरात त्याचा उल्लेख येतो आणि १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला मागितलेला असतो. नोकरीच्या ॲपवर आपण राज्य 'कर्नाटक' निवडले की या जाहिराती बहुधा समोरच येत नाहीत. यंत्राला पत्ता कळतो. सीमाप्रश्न त्याला कसा कळणार!

तारखांचेही तसेच. २०२५ मध्ये एमएचटी-सीईटीचा बायोलॉजी गट ९ ते १७ एप्रिल या काळात होता आणि केसीईटी १६ व १७ एप्रिलला. ज्या मुलीला दोन्हीकडे फार्मसी किंवा कृषी पाहायचे होते, तिला हे दोन्ही पंचांग शेजारी ठेवूनच चालावे लागले असणार. दोन्ही राज्यांच्या तारखा एका कागदावर मांडणारे एकही संकेतस्थळ माझ्या पाहण्यात नाही. कोणाला गरजच नाही त्याची, आपल्याशिवाय.

नीटचे बघा. प्रश्नपत्रिका तेरा भाषांत मिळते, त्यात मराठी आहे. हे ऐकून आपल्याकडे एखादे पालक खूश होतात. पण मराठीचा पर्याय महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळतो आणि कन्नडचा कर्नाटकातल्या. बेळगावचे केंद्र निवडले तर मराठी प्रश्नपत्रिका नाही. मराठी हवी असेल तर कोल्हापूर गाठायचे. पीयूची दोन वर्षे इंग्रजीत काढलेली बहुतेक मुले इंग्रजीच घेतात आणि ते ठीकही आहे. पण निर्णय आपण समजून घेतला की फॉर्मने आपल्याकडून घेतला, यात फरक आहे.

आता थोडे मागे जाऊ. शाळेतल्या मुलांना व्यवसाय मार्गदर्शन द्यावे हा विचार आपल्या भागाला नवा नाही. मुंबईत १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आपल्या समाजाच्या मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढले. १९५० मध्ये मुंबई सरकारने स्वतःचे केंद्र सुरू केले, तीच पुढे व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था झाली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता, म्हणजे कागदोपत्री ती संस्था आपलीही होती. एका समाजाच्या पंचायतीने हे काम सरकारच्या आधी हाती घेतले, हे आपल्यासारख्या मंडळाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अलीकडच्या काळात महाराष्ट्राने २०१६ पासून दहावीच्या मुलांसाठी कलमापन चाचणी घेतली, पुढे ती मोबाईल ॲपवर आली. मे २०२० मध्ये, शाळा बंद असताना, शालेय शिक्षण विभागाने युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टल सुरू केले. नववी ते बारावीच्या मुलांसाठी शेकडो व्यवसाय, हजारो कॉलेजे, प्रवेश परीक्षा आणि शिष्यवृत्त्या यांची माहिती त्यात एकत्र ठेवलेली होती. मला ती कल्पना मनापासून आवडली होती. पण आत शिरायला सरल आयडी लागायचा. सरल ही महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यांची नोंदवही. आपल्या मुलांचा नंबर कर्नाटकाच्या सॅट्समध्ये असतो. मराठी वाचणारे, मराठीत शिकणारे मूल मराठी पोर्टलच्या उंबऱ्यावर उभे, आणि किल्ली दुसऱ्या राज्याच्या दप्तरात. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पोर्टल बनवताना आपण कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हतो, एवढेच.

हे बदलता येण्यासारखे आहे. आता देशभर 'अपार' हा एकच विद्यार्थी क्रमांक दिला जात आहे. यापुढे महाराष्ट्र मुलांसाठी जे काही मार्गदर्शनाचे पोर्टल काढेल त्यात 'अपार' क्रमांकाने, निदान सीमाभागातल्या शाळांच्या यादीवरून, प्रवेश मिळावा अशी मागणी आपल्याला करता येईल. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. लॉगिनच्या एका रकान्यासाठी तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. सीमाभागाच्या नावाने मुंबईत निवेदने जातात तेव्हा त्यात मोठ्या मागण्यांखाली ही एक ओळ असावी.

पण पोर्टल उघडले तरी एक गोष्ट राहतेच. पोर्टल जगभरातले व्यवसाय दाखवते, शेजारचे दाखवत नाही. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत. तिथेच सरकारी टूल रूमचे, म्हणजे जीटीटीसीचे, प्रशिक्षण केंद्र आहे, जिथे एसएसएलसीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करता येतो. हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनवणारी औद्योगिक वसाहत आहे. मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ आहे. 'एरोस्पेस इंजिनिअर कसे व्हावे' हा व्हिडिओ पाहणाऱ्या आपल्या किती मुलांना माहीत असते की ते काम इथून तासाभराच्या अंतरावर चालते? एका सुट्टीत तिथल्या कामगाराशी अर्धा तास बोलले तर जे कळेल ते तीन तासांच्या वेबिनारमध्ये कळणार नाही.

काही निर्णय तर दहावीच्या फार आधी होऊन जातात. केसीईटीत १५ टक्के जागा ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी आणि ५ टक्के कन्नड माध्यमात शिकलेल्यांसाठी आहेत. दुसरी सवलत आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना नाही. पहिली मिळू शकते, पण त्यासाठी पहिली ते दहावी अशी सलग दहा वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. हिंडलगा, सुळगा, उचगाव, बेळगुंदी या पट्ट्यातली पुष्कळ मुले पाचवीला किंवा आठवीला शहरातल्या शाळेत जातात. 'चांगली शाळा' म्हणून घातलेले असते आणि शाळा चांगली असतेही. पण त्या दिवशी ग्रामीण सवलत संपते आणि हे पालकांना कळते सात-आठ वर्षांनी, केईएचा फॉर्म भरताना. शाळा बदलू नका असे मी म्हणत नाही. बदलण्याआधी आपली सध्याची शाळा कोणत्या हद्दीत नोंदलेली आहे ते क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा आणि मग ठरवा. करिअर मार्गदर्शन दहावीच्या निकालानंतर सुरू होते अशी समजूत आहे. आपल्याकडे ते चौथीच्या पालकसभेत सुरू व्हायला हवे.

आता एक सावधगिरीची गोष्ट. आपल्याकडे फॉर्म भरायचा म्हणजे सायबरवर जायचे. बिचारा सायबरवाला मदत करतो, चार पैसे घेतो, त्यात काही गैर नाही. पण लॉगिन त्याच्या ईमेलवर, पासवर्ड त्याच्या वहीत, आणि ओटीपी बापाच्या फोनवर, जो त्या वेळी शेतात रताळ्याच्या वेलात किंवा वर्कशॉपच्या लॉकरमध्ये. असा एक फॉर्म माझ्या डोळ्यांदेखत शेवटच्या तासात अडकला होता. कन्नडची खूण नको तिथे पडलेली, दुरुस्तीला ओटीपी हवा, आणि फोन लागत नाही. सुदैवाने मुदत एक दिवसाने वाढली. २०२४ च्या अखेरीस बेंगळुरूत इंजिनिअरिंगच्या जागा अडवून ठेवण्याचे प्रकरण बाहेर आले. विद्यार्थ्यांचे लॉगिन तपशील वापरून जागा रोखल्या जात असल्याचा आरोप झाला, गुन्हा नोंदला गेला, अटकाही झाल्या. तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला एकच सांगतो: पासवर्ड मुलाने स्वतः ठरवायचा, स्वतः बदलायचा आणि घरच्या वहीत लिहायचा.

एवढे सगळे वाचून कोणाला वाटेल की ऑनलाइन नकोच. तसे मला मुळीच वाटत नाही. एकेकाळी सीईटीच्या काउन्सेलिंगसाठी रात्रीच्या गाडीने बेंगळुरू गाठावे लागे, सोबत वडील किंवा मामा, दोन दिवसांची मजुरी बुडवून. मुलीला पाठवायचे की नाही यावरच घरात चर्चा संपायची. आज तीच मुलगी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फोन टेकवून पर्याय भरते. हे मागे जाऊ नये. पण पडद्यापाशी एक माणूस हवा, ज्याला मराठी, कन्नड आणि दोन्ही राज्यांचे नियम कळतात. असा माणूस बाहेरून येणार नाही. आपल्यातल्याच तिघा-चौघांनी वाटून घ्यावे लागेल: एकाने केईएच्या सूचना रोज पाहायच्या, एकाने महाराष्ट्र सीईटी सेलच्या, एकाने डिप्लोमा आणि आयटीआय. कन्नड नीट वाचता येणारा एकजण त्यांत असलाच पाहिजे. केईएच्या सूचना कन्नडमध्येही येतात आणि त्या वाचण्यात कमीपणा मानण्याचे दिवस नाहीत. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत कन्नडचा पेपर सक्तीचा आहे, तिथे जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला हे आजच सांगायला हवे. मराठीवरचे आपले प्रेम त्याने कमी होत नाही. १ जूनला आपण हुतात्मा स्मारकापाशी उभे राहतो ते सक्तीच्या विरोधात. भाषा शिकण्याला आपला विरोध कधीच नव्हता.

आपल्या भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदीसारखी गावे स्वतःच्या बळावर साहित्य संमेलने भरवतात. मांडव, पाहुणे, जेवण, ग्रंथदिंडी, सगळे गाव सांभाळते. त्या मानाने हे काम लहान आहे. मंडळाच्या खोलीत एक लॅपटॉप, एक प्रिंटर, आणि एप्रिल ते ऑगस्ट आठवड्यातून दोन संध्याकाळी दोन माणसे. आपली जी मुले 'ई' प्रकारातून महाराष्ट्रात गेली आणि आता पुण्यात, मुंबईत किंवा परदेशात आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा अर्धा तास व्हिडिओवर यावे. भाषण नको. कुठले दाखले लागले, ते काढायला किती दिवस लागले, हॉस्टेलचा खर्च किती आला, पहिल्या सेमिस्टरला काय जड गेले, एवढेच सांगावे. मुलांनी प्रश्न विचारावेत. मुलींनी मागे न बसता विचारावेत.

खासगी कलचाचण्यांबद्दल बरेच पालक विचारतात. हजारो रुपये देऊन वीस पानांचा रंगीत अहवाल मिळतो. त्यातली बरीचशी वाक्ये कोणत्याही मुलाला चपखल बसतील अशी असतात. चाचणीने मुलाशी बोलायला विषय मिळतो, इतपत तिचा उपयोग. पैसे मोजण्याआधी केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर काय आहे ते पाहा, ते फुकट आहे.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. तोपर्यंत ज्यांच्या घरात यंदा दहावी किंवा सेकंड पीयूचे मूल आहे त्यांनी एका पिशवीत एवढे जमवून ठेवावे: पहिलीपासूनच्या शाळांचे दाखले, सॅट्स क्रमांक, जातीचा व उत्पन्नाचा दाखला त्यावरच्या आरडी क्रमांकासह, आधारला जोडलेला चालू मोबाईल नंबर, आणि मातृभाषा मराठी असल्याची नोंद असलेला शाळेचा कागद. गावाचे आणि जिल्ह्याचे नाव प्रत्येक कागदावर इंग्रजीत कसे लिहिले आहे तेही एकदा ताडून पाहा. आपल्या जिल्ह्याचे स्पेलिंग एका घरात तीन प्रकारचे सापडते, आणि संगणकाला ती तीन वेगळी गावे वाटतात.